चालू दिसणारं दुकान

पुण्यातल्या एका ऑनलाइन मराठी पुस्तकदुकानाची तांत्रिक देखभाल मी बरीच वर्षं करते आहे. यादीत लाखाच्या वर पुस्तकं आहेत. आप्पा बळवंत चौकाजवळ एक काउंटर आहे, शहराबाहेर गोदाम आहे, बाकी सगळं इंटरनेटवर. ऑर्डरी गडचिरोलीपासून न्यू जर्सीपर्यंत कुठूनही येतात.

नातेवाईक विचारतात, तू नेमकं काय करतेस? मी म्हणते, वेबसाइट बघते. म्हणजे बनवतेस? नाही, बनवलेली आहे, ती नीट चालते का ते बघते. यावर समोरचा जरा हिरमुसतो आणि विषय बदलतो.

सुरुवातीला मलाही वाटायचं, आपलं मोठं संकट म्हणजे साइट बंद पडणं. पण ती बंद पडली की लगेच कळतं. फोन येतात, धावपळ होते, थोड्या वेळात ती उभी राहते. मला खरा त्रास झाला तो वेगळ्याच प्रसंगांनी. साइट चालू असायची, पानं उघडायची, आणि तरी दुकान बंद असायचं. कुणाला पुस्तक सापडत नव्हतं, कुणाचे पैसे जाऊन ऑर्डर पडत नव्हती, कुणाला भलतंच पुस्तक जात होतं. हे प्रसंग क्रमाने लिहिते. कुणी असं दुकान काढणार असेल तर त्याचा थोडा त्रास वाचेल.

मी कामाला लागले तेव्हा आमचे सर्व्हर सिंगापूरला होते. जून २०१६ मध्ये ॲमेझॉनने मुंबईत आपलं क्लाउड केंद्र सुरू केलं. त्यानंतर आम्ही तिकडे हललो. ॲमेझॉनने १९९५ मध्ये धंदा सुरू केला तो पुस्तकं विकूनच. आमच्या मालकांना सगळे काका म्हणतात. ते म्हणाले, “म्हणजे स्पर्धकाच्याच वाड्यात बिऱ्हाड केलं म्हणायचं!” हलवाहलव सुरळीत झाली. पानं लवकर उघडायला लागली. आम्ही खूश होतो.

पहिला मोठा घोळ पुस्तकांच्या यादीत झाला. मोठे परदेशी प्रकाशक पुस्तकांची माहिती ओनिक्स नावाच्या ठरावीक साच्यात पाठवतात. आमच्याकडे येते ती एक्सेलची फाइल, आणि तीही बहुतेक वेळा व्हॉट्सॲपवर. कुणी किमतीच्या रकान्यात ‘रु. २५०/- फक्त’ लिहितं, कुणी लेखक आणि अनुवादक एकाच रकान्यात कोंबतं. हे सगळं साफ करून यादीत चढवायचं.

एका सकाळी गोदामातल्या मामांचा फोन आला. “ताई, माणसाने कवितासंग्रह मागवलाय म्हणे, आणि माझ्या कागदावर लोणच्यांचं पुस्तक आलंय.” मग तशीच दुसरी ऑर्डर निघाली, तिसरी निघाली. सगळी पुस्तकं एकाच छोट्या प्रकाशकाची होती. काही पार्सलं आदल्या दिवशी गेलीही होती.

झालं होतं असं. आयएसबीएन हा पुस्तकाचा नंबर तेरा आकडी असतो. एवढा मोठा आकडा साध्या रकान्यात एक्सेल आखडून दाखवतं: ९.७८८१९ आणि पुढे ‘ई प्लस १२’. तोपर्यंत मूळ आकडा आत शाबूत असतो. पण तीच फाइल सीएसव्ही म्हणून जतन केली की दिसतं तेवढंच लिहिलं जातं. ती पुन्हा उघडली की आकडा होतो ९७८८१९०००००००. या प्रकाशकाचे सगळे नंबर ९७८-८१-९० ने सुरू होणारे होते, म्हणून सगळ्या पुस्तकांचा नंबर एकच झाला. आमच्या प्रणालीला वाटलं, एकाच पुस्तकाची माहिती पुन्हा पुन्हा येते आहे. तिने प्रत्येक वेळी आधीची पुसली आणि नवी लिहिली.

मला कोडं पडलं ते दुसरंच. आयएसबीएनचा शेवटचा आकडा तपासणीसाठी असतो. सगळ्या आकड्यांना आळीपाळीने १ आणि ३ ने गुणायचं, बेरीज करायची, तिला १० ने पूर्ण भाग गेला तर नंबर बरोबर. एखादा आकडा चुकीचा टाइप झाला तर यात हमखास पकडला जातो. ही तपासणी आमच्याकडे होती. मग हे सुटलं कसं? कागद घेऊन हाताने मांडलं. ९, २१, ८, २४, १, २७. पुढे नुसती शून्यं. बेरीज ९०. भाग जातो! खोटा नंबर आमच्या तपासणीत पहिल्या वर्गात पास होत होता. मला हसू आलं, आणि मग गेलेली पार्सलं आठवली.

त्यानंतर तीन नियम केले. एकाच फाइलमध्ये एका नंबरावर दोन वेगळी नावं दिसली तर अख्खी फाइल थांबवायची. शेवटी शून्यांची रांग असेल तर नंबर नाकारायचा. आणि प्रकाशकांना रिकामी फाइल आम्हीच बनवून द्यायची, जिच्यात नंबराचा रकाना आधीच ‘टेक्स्ट’ केलेला असेल. तिसऱ्या नियमाने सगळ्यात जास्त फरक पडला.

या निमित्ताने आणखी एक गोष्ट पक्की केली. आयएसबीएनला पुस्तकाची ओळख मानायचं नाही. प्रत्येक पुस्तकाला आमचा स्वतःचा नंबर. कारण १९७० च्या आधीच्या पुस्तकांना आयएसबीएन नसतो. दिवाळी अंक हे नियतकालिक, त्यांनाही तो नसतो, आणि नाव दर वर्षी तेच. काही प्रकाशक जुनाच नंबर नव्या पुस्तकाला लावतात. १ जानेवारी २००७ पर्यंत नंबर दहा आकडी होते. जुन्या पुस्तकावर तोच छापलेला असतो. त्याच्यापुढे नुसतं ९७८ लावून भागत नाही, शेवटचा आकडाही नव्याने काढावा लागतो. आमच्या जुन्या नोंदींत हे अर्धवट करून ठेवलेलं होतं. ते दुरुस्त करायला एक उन्हाळा गेला.

दुसरा त्रास शोधाचा. सांगलीहून एका गृहस्थांचा फोन आला. “तुमच्याकडे ‘वाऱ्यावरची वरात’ नाही? पु. लं.चं पुस्तक नाही आणि मराठी पुस्तकांचं दुकान म्हणवता?” गोदामात थप्पी होती. मी माझ्या कॉम्प्युटरवर शोधलं, लगेच आलं. त्यांना म्हटलं, पुन्हा टाइप करून बघता का? त्यांनी केलं. पुन्हा ‘एकही पुस्तक सापडलं नाही’. ते चिडलेले, मी गोंधळलेली.

मग त्यांच्याकडून तो शब्द व्हॉट्सॲपवर मागवला आणि उलगडून बघितला. ‘ऱ्या’ हे जोडाक्षर दोन तऱ्हांनी लिहिलं जातं. एका तऱ्हेत खाली टिंब असलेला ऱ असतो. दुसरीत साधा र, मग हलन्त आणि मग डोळ्यांना न दिसणारं एक जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. कॉम्प्युटरला मात्र ते दोन वेगळे शब्द. आमच्या यादीत एक, त्यांच्या फोनच्या कीबोर्डमधून दुसरा. ‘ॲ’चंही तसंच. युनिकोडमध्ये हे एकसंध अक्षर २००८ मध्ये आलं. त्याआधी लोक अ वर अर्धचंद्र देऊन काम भागवायचे, अजूनही पुष्कळ जण तसंच लिहितात. ‘ॲन फ्रँक’ आमच्या यादीत दोन गटांत विभागली गेली होती. युनिकोडची प्रमाणीकरणाची नेहमीची पद्धत वापरली तरी हे दोन ‘ॲ’ एक होत नाहीत. त्यासाठी स्वतःचा तक्ता करावा लागतो.

आम्ही तो केला. यादीतला शब्द साठवताना एका रूपात आणायचा, आणि ग्राहकाने टाइप केलेलाही त्याच रूपात आणायचा, मगच जुळवायचं. सांगलीच्या गृहस्थांना मी फोन करून सांगितलं. त्यांनी लगेच ऑर्डर केली आणि जाता जाता दोन मुद्रणदोषही दाखवले.

पण अशा तक्रारी करणारे थोडे. बाकीचे ‘नाही वाटतं’ म्हणून निघून जातात. म्हणून ज्या शोधांना शून्य उत्तरं मिळाली त्यांची यादी मी दर सोमवारी वाचायला लागले. तिने पुष्कळ शिकवलं. निम्मे लोक रोमन लिपीत टाइप करतात. ज्ञानेश्वरीचा ‘ज्ञ’ कुणी ‘डीएन’ने सुरू करतं, कुणी ‘जीवाय’ने, कुणी ‘जेएन’ने. तिघांनाही तेच पुस्तक मिळालं पाहिजे. लेखकांच्या नावांत टिंबानंतर कुणी जागा सोडतं, कुणी सोडत नाही, कुणी नुसतं ‘पुल’ लिहितं, कुणी ‘जीए’. ही रूपं जोडायचं काम यंत्र सुचवतं, पण शेवटचा निर्णय माणसाने घ्यायचा, असं आम्ही ठरवलं. एकाच नावाचे दोन लेखक असतात. यंत्रावर सोडलं तर एकाचं पुस्तक दुसऱ्याच्या नावावर जातं, आणि मग फोन लेखकाचाच येतो.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली. साठ्याचे आकडे काउंटरवरच्या बिलिंगच्या कॉम्प्युटरवरून दर थोड्या वेळाने साइटवर यायचे. दुकानाचं शटर खाली आलं, तो कॉम्प्युटर बंद झाला. साइटला ते कळलं नाही. शेवटचे आकडे खरे धरून ती विकत राहिली. लोक घरी होते, वाचायला वेळ होता, ऑर्डरी भरपूर येत होत्या. पण कुरिअर बंद, गोदामात जायला परवानगी नाही. ज्या पुस्तकांची शेवटची प्रत आधीच काउंटरवर विकली गेली होती, तीही आम्ही ऑनलाइन विकत होतो. हे लक्षात आलं ते घरी बसलेल्या काउंटरवरच्या मुलामुळे. त्याने सहज साइट उघडली आणि मला विचारलं, “ताई, हे पुस्तक मीच गिऱ्हाइकाला दिलं शेवटच्या दिवशी. मग इथे कसं दिसतंय?”

तेव्हापासून साठ्याच्या प्रत्येक आकड्याबरोबर तो कधी आला ती वेळही ठेवतो. आकडा शिळा झाला की साइट ‘उपलब्ध’ म्हणत नाही, ‘उपलब्धता तपासून कळवू’ म्हणते. एकच प्रत उरली असेल तर गोदामातून होकार आल्याशिवाय ऑर्डर पक्की होत नाही. यात काही विक्री बुडते. काकांना हे सुरुवातीला पटलं नव्हतं. पैसे परत करण्याचे हेलपाटे बघितल्यावर पटलं.

त्याच काळात उशिराचे एसएमएस पाठवले. हिशेबातल्या ताईंनी बिल दाखवून विचारलं, एवढं कसं? इंग्रजी अक्षरांच्या एका एसएमएसमध्ये १६० अक्षरं मावतात, देवनागरीच्या ७०च. आणि आपल्या काना-मात्रा, वेलांट्या, अनुस्वार सगळी वेगवेगळी मोजली जातात. आमचा नम्र, सविस्तर निरोप प्रत्येकाला तीन एसएमएसांच्या भावात पडला होता. आता निरोप लिहितानाच अक्षरं मोजतो. नम्रता ईमेलमध्ये ठेवतो.

डिसेंबर २०२१ मध्ये लॉग-फोर-जे या जावाच्या एका छोट्या घटकात गंभीर त्रुटी उघड झाली. जगभर धावपळ झाली. त्या शुक्रवारी माझ्यापुढचा प्रश्न साधा होता: हा घटक आपल्याकडे कुठे कुठे आहे? शोधयंत्रणेत होता, ते माहीत होतं. अहवाल काढणाऱ्या एका जुन्या प्रोग्रॅममध्येही होता, ते कुणालाच माहीत नव्हतं. तो लिहिणारा कधीच सोडून गेला होता. शनिवार-रविवार त्यातच गेला. नुकसान झालं नाही. पण त्यानंतर कुठल्या सर्व्हरवर काय बसवलंय, कुठली आवृत्ती, तिला मुळातून दुरुस्त्या मिळणं कधी बंद होणार, याची एक यादी केली. पीएचपी ७.४ चा आधार नोव्हेंबर २०२२ मध्ये संपला, सेंटओएस ७ चा ३० जून २०२४ ला. अशा तारखा खूप आधी जाहीर होतात. यादी असली की रात्री जागावं लागत नाही.

आता डिस्कची गोष्ट. २८ एप्रिल २०२२ ला सर्ट-इन या केंद्र सरकारच्या यंत्रणेने निर्देश काढले. सायबर घटना घडली तर सहा तासांत कळवायची, सगळ्या सर्व्हरची घड्याळं जुळवलेली ठेवायची, आणि लॉग, म्हणजे सर्व्हरवर काय काय झालं त्याच्या नोंदी, १८० दिवस जपायच्या. आधी आम्ही लॉग काही आठवड्यांनी पुसायचो. आता ते साठायला लागले.

पुढच्या वर्षीच्या दिवाळीआधीची गोष्ट. दिवाळी अंकांची आगाऊ नोंदणी म्हणजे आमचा सुगीचा काळ. साइट झकास चालू होती. संध्याकाळी ग्राहकसेवेतली मुलगी म्हणाली, “ताई, तो अंकांचा संच संपला म्हणून आपण दुपारीच मार्क केलाय ना? लोक अजून घेतायत.” मी डेटाबेस बघितला. तिथे संच शून्य होता. साइटवर शोधलं, तिथे ‘उपलब्ध’.

शोधाची यादी वेगळ्या ठिकाणी असते, इलॅस्टिकसर्चमध्ये. त्याची एक सुरक्षिततेची सोय आहे. डिस्क ९५ टक्के भरली की ते लिहिणं थांबवतं आणि नुसतं वाचू देतं. डिस्क पूर्ण भरून सगळं बिघडण्यापेक्षा हे चांगलं. पण बाहेरून काहीच कळत नाही. शोध चालतो, उत्तरं येतात, फक्त ती दुपारची असतात. नवे अंक यादीत येत नव्हते, संपलेले जात नव्हते. डिस्क भरली होती ती लॉगने. शोध आणि लॉग एकाच डिस्कवर होते.

जुने लॉग दाबून दुसऱ्या, स्वस्त साठवणीत हलवले. रात्री उशिरा यादी पुन्हा ताजी झाली. हातपाय गार पडले होते, हे खरं. ज्यांना संच देता येणार नव्हता त्यांना दुसऱ्या दिवशी आम्ही सगळ्यांनी बसून फोन केले. काकांनीही केले. बहुतेकांनी समजून घेतलं. काहींनी नाही घेतलं, आणि त्यांचंही बरोबर होतं.

उपाय सोपे होते. लॉगची डिस्क वेगळी. डिस्क ७० टक्क्यांवर गेली की इशारा, ९० वर नाही. ९० ला इशारा आला तर करायला वेळच उरत नाही. आणि दर तासाला डेटाबेसमधली काही पुस्तकं उचलून त्यांचा साठा शोधाच्या यादीशी पडताळायचा. फरक दिसला की ओरडायचं.

२७ फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनी, आम्ही सवलत ठेवतो. एका वर्षी त्या दिवशी दुपारपासून फोन सुरू झाले. यूपीआयने पैसे गेले, ऑर्डर ‘प्रलंबित’. काहींच्या तर दोन दोन ऑर्डरी पडल्या. पैसे भरले गेले की पेमेंट गेटवेकडून आमच्या सर्व्हरला निरोप येतो. तो आला की आमचा प्रोग्रॅम तिथल्या तिथे साठा कमी करायचा, बिल बनवायचा, ईमेल पाठवायचा आणि मग ‘मिळाला’ असं उत्तर द्यायचा. एरवी हे क्षणात व्हायचं. गर्दीत वेळ लागला. समोरून निरोप देणारा थांबून कंटाळला, आणि थोड्या वेळाने त्याने तोच निरोप पुन्हा पाठवला. कधी दोन्ही वाया गेले, कधी दोन्ही लागू झाले.

रिझर्व्ह बँकेचा सप्टेंबर २०१९ चा नियम आहे. यूपीआयने दुकानदाराला पैसे देताना खात्यातून गेले आणि दुकानदाराकडे खात्री पोचली नाही, तर पाच दिवसांत आपोआप परत यायला हवेत, उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये. ग्राहक हा नियम सांगत होते. पण इथे पैसे आमच्याकडे पोचले होते. अडले होते ते आमच्या घरात. बँक परत करणार नव्हती, ते आम्हालाच करायचं होतं.

आता निरोप आला की आधी तो नुसता नोंदवायचा, लगेच ‘मिळाला’ म्हणायचं, बाकीची कामं मागून रांगेत करायची. एका पेमेंटच्या नंबरावर एकच ऑर्डर, निरोप कितीदाही येवो. आणि गेटवेकडची यादी दर पंधरा मिनिटांनी आपण होऊन मागवायची आणि आपल्या ऑर्डरींशी ताडायची. निरोपावर विसंबून राहायचं नाही. हिशेबातल्या ताई हेच काम रोज रात्री वेगळ्या पद्धतीने करतात. त्यांच्या आणि यंत्राच्या आकड्यात फरक आला तर आम्ही ताईंचा आकडा आधी तपासतो. बहुतेकदा तोच बरोबर निघतो.

नंतरचा प्रसंग सुरक्षा सर्टिफिकेटचा. साइटचं सर्टिफिकेट आपोआप नवं होत होतं. पण साइट आणि गोदामातली प्रणाली एकमेकांशी बोलायला आणखी एक सर्टिफिकेट वापरायच्या, ते कुणीतरी पूर्वी हाताने बसवलेलं. त्याची मुदत मध्यरात्री संपली. साइट उत्तम, पैसे येत होते, ऑर्डरी पडत होत्या, ग्राहकांना ‘धन्यवाद’ही जात होतं. साडेदहाला मामांचा फोन आला. “ताई, आज कसली सुट्टी आहे का? सकाळपासून एक पार्सल नाही.” आमचे सगळे इशारे हिरवे होते.

या सर्टिफिकेटांची मुदत आता कमी कमी होत जाणार आहे. जास्तीत जास्त ३९८ दिवस चालायची, ती मर्यादा १५ मार्च २०२६ पासून २०० दिवसांवर येते आणि २०२९ मध्ये ४७ वर. लेट्स एन्क्रिप्टची मोफत सर्टिफिकेटं ९० दिवसांची असतात, आणि मुदत संपत आल्याचे ईमेल त्यांनी २०२५ मध्ये बंद केले. तेव्हा हाताने करण्याची सवय असेल तर आत्ताच सोडा. डोमेनचंही बघा. आमचं डोमेन एका जुन्या सहकाऱ्याच्या खासगी ईमेलवर नोंदवलेलं निघालं. तो सज्जन होता, फोन उचलला, ओटीपी सांगितला. नसता उचलला तर?

अलीकडची डोकेदुखी म्हणजे यंत्रवाचक. कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी मजकूर गोळा करणारे प्रोग्रॅम दिवसरात्र साइटवर फिरतात. पुस्तकाची पानं वाचली तर आमचं काही म्हणणं नाही. पण ते गाळण्यांत, म्हणजे फिल्टरांत, अडकतात. हिशेब करून बघा: ३० विषय, ५ भाषा, ६ किंमतगट, २ बांधण्या, ५ क्रम, झाली ९,००० पानं. त्यात ५०० प्रकाशक धरले की ४५ लाख. ती सगळी उघडायचा प्रयत्न चालतो आणि त्यात खऱ्या ग्राहकाचा शोध मंदावतो. कुठे फिरू नये हे सांगणारी रोबोट्स फाइल असते. १९९४ पासूनचा हा रिवाज, २०२२ मध्ये त्याला रीतसर प्रमाणाचं रूप मिळालं, पण पाळणं ऐच्छिकच. जे पाळत नाहीत त्यांच्यासाठी एका पत्त्यावरून मिनिटाला किती पानं, याची मर्यादा घातली. दोनपेक्षा जास्त गाळण्या लावलेली पानं दुव्यांतूनच काढली. तेवढ्याने पुष्कळ आराम पडला.

बॅकअपबद्दल थोडक्यात. बॅकअप रोज रात्री होत होता, ‘यशस्वी’ असा ईमेलही यायचा. आम्ही एकदा ठरवून रिकाम्या सर्व्हरवर तो उतरवून पाहिला. डेटाबेस आला, पण मुखपृष्ठांची चित्रं आली नाहीत. ती वेगळ्या जागी असायची आणि बॅकअपच्या यादीत नव्हतीच. जुन्या, आता न मिळणाऱ्या पुस्तकांची मुखपृष्ठं दुसरीकडे कुठे नसतात. त्या दिवशी मला बरं वाटलं की भीती, हे अजून ठरवता येत नाही. आता दर तीन महिन्यांनी ही तालीम असते आणि ती दर वेळी वेगळा माणूस करतो.

या सगळ्यातून जे कामाला आलं ते असं. आमचा एक छोटा प्रोग्रॅम दर काही मिनिटांनी ग्राहकासारखा वागतो. ‘ययाति’ शोधतो, पुस्तक उघडतो, टोपलीत टाकतो, पिनकोड घालून टपालखर्च बघतो. पहिलं पान उघडतं का एवढंच बघण्यात अर्थ नाही. दुसरा इशारा शांततेचा. दिवसा ठरावीक वेळात एकही ऑर्डर आली नाही, गोदामात एकही कागद निघाला नाही, गेटवेकडून एकही निरोप नाही, तर फोन वाजतो. बिघाड झाला की यंत्र ओरडेल, हे गृहीत धरू नये. पुष्कळदा ते गप्प होतं.

तारखांची एक वहीही आहे, साधी कागदाची. सर्टिफिकेटं, डोमेन, सॉफ्टवेअरच्या मुदती, बॅकअपची तालीम, कुठला पासवर्ड कुणाकडे. सर्व्हर बंद असला तरी ती उघडते. ती दोघांना माहीत असते, एकट्या मला नाही. त्यामुळे गेल्या वर्षी मी बिनघोर गावी जाऊन आले.

काका दर वर्षी विचारतात, देखभालीवर एवढा खर्च कशाला, काही बिघडलंय का? मी त्यांना बिघडलेल्या दिवसांत परत केलेल्या पैशांचा आकडा दाखवते. मग ते सही करतात.

नवं दुकान काढणार असाल तर गोदामात आणि काउंटरवर तुमचा थेट फोन नंबर लावून ठेवा, आणि तिथून फोन आला तर हातातलं काम बाजूला ठेवून उचला. इथे सांगितलेल्या बिघाडांपैकी बहुतेकांची पहिली बातमी मला यंत्राकडून आलेली नाही. ती मामांकडून, काउंटरवरच्या मुलाकडून किंवा सांगलीच्या त्या चिडलेल्या गृहस्थांकडून आली.